पाऊण अंश

तार्तूत फेब्रुवारीच्या सकाळी आठलाही खिडकी काळीच.
मी दिवे लावते, बर्फाच्या डब्यात कुपी रोवते:
गायीच्या रक्तातलं प्रथिन,
काल रात्री साडेअकरापर्यंत मीच गाळलेलं.
पोरांना वाटतं, ते फ्रीजमध्ये उगवतं.

दुसऱ्या वर्षाची चौदा मुलं,
कोटांवर दुकानातल्या घडीच्या रेषा अजून.
उर्वे बाई फळ्यावर एक गुंतलेली सुतळी काढतात.
हे प्रथिन, म्हणतात, आणि हा गुंता नव्हे, घडी आहे.
तापवली की मोडते.
पण आत, खोबणीत, कुणी नीट बसलेलं असेल
तर जरा उशिरा मोडते.
तो उशीर मोजायचा.

तळहाताएवढी ताटली, शहाण्णव खळगे.
ऐंशी रेणू, सगळे अनोळखी, नावाच्या जागी आकडे.
उरलेल्यांतले काही नुसतेच ठेवायचे,
काहींत काचबिंदूवरचं जुनं औषध,
ज्याचं या प्रथिनाशी सूत जुळतं
हे साऱ्या जगाला ठाऊक.
द्रावकाला लसणासारखा वास. गेर्ली नाक मुरडते.
रायमोंड ओठ हलवत मोजतो,
तरी डी ओळीत एकाच खळग्यात दोनदा टाकतो
आणि कुणी पाहिलं का म्हणून नेमका माझ्याकडे पाहतो.
मी बाटल्या पुसतेय. मी काही पाहिलेलं नाही.

मग यंत्राचं झाकण.
पंचवीसपासून पंच्याण्णव, मिनिटाला एक अंश.
मुलं बाहेर काळा पाव खायला जातात.
ग्लेब तेवढा थांबतो. तो नार्वाचा,
एस्टोनियन बोलतो ते गोठलेल्या नदीवरून चालल्यासारखं,
प्रत्येक शब्द आधी पायानं चाचपून.
पडद्यावर रेषा चढायला लागतात.
घडीत दडवलेलं उघडं पडतं,
रंग तिथे जाऊन चिकटतो, उजळतो.
मोडण्याचाच काय तो उजेड या यंत्रात.

बी-नऊ! अकरा अंश!
तो रशियनमध्ये ओरडतो, सगळे पाव हातात घेऊन धावतात.
उर्वे बाई चष्मा वर सारतात:
प्रथिन न घालता पाहिलंस?
पाहतो.
तो रेणू आपला आपणच चमकतोय.
कुणाशी काही देणंघेणं नाही.
वाया गेलं, ग्लेब म्हणतो.
लिही, बाई म्हणतात. वाया गेलं, असं नको. काय दिसलं ते लिही.

संध्याकाळी वह्या गोळा करताना
माझी नजर जी-तीनवर अडते.
पाऊण अंश.
पाऊण अंश म्हणजे काहीच नाही,
थेंब कमीजास्त, कोपऱ्यातली ऊब, कुणाचा तरी हात थरथरलेला.
वहीत त्यासमोर आडवी रेघ.

मला पदवी नाही. दोन परीक्षा राहिल्या, मग मुलगा झाला,
मग देशच बदलला, आणि अभ्यासक्रमही.
पण एकवीस वर्षं मी हे प्रथिन गाळतेय,
ते कधी आणि कसं मोडतं
ते माझ्या नवऱ्याच्या रागापेक्षा मला नीट कळतं.
मी ताटली पुन्हा भरली. जी-तीन, फक्त जी-तीन,
आठ खळगे, सावकाश.
पाऊण. पाऊण. एकदा जरा कमी. पुन्हा पाऊण.
ॲनेलिनची शेवटची बस गेली.
पुलावरून चालत आले,
खाली नदी पांढरी, तिच्यावर कुत्र्याच्या पायांची एकच ओळ,
पलीकडे पोचलेली.

ग्लेबच्या वहीत मी पेन्सिलीनं
त्या आडव्या रेघेभोवती एक गोल काढला.
सही नाही, शेरा नाही.

आज मी आले तर प्रयोगशाळेत दिवा लागलेला.
कोट घालून तो उभा, बटणं वरखाली,
आणि कुपी त्यानं बर्फात रोवलेली,
बूच खाली करून.
काही बोलले नाही.
सरळ केली.